दोन वर्षं परदेशात सेवा करून आली, मग आता रडू का येतं?

"मॅडम, तिकडे दोन वर्षं हिला काही झालं नाही. फोनवर कधी साधा ताप सांगितला नाही. आणि इथे घरी आली, माझ्या हातचं खायला लागली, तर आजारी पडली! तुम्हीच जरा समजवा हिला."

आई बोलत होती. मुलगी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली होती. वय ३३, पेशाने नर्स. पुण्यात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात सात वर्षं काम केलेली, म्हणजे कच्च्या काळजाची नव्हे. एका आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थेमार्फत ती आफ्रिकेतल्या मलावी देशात गेली होती. तिथल्या एका जिल्हा रुग्णालयात, मुलांच्या वॉर्डात, सलग दोन वर्षं. पगार नाही, राहण्या-जेवण्यापुरता भत्ता. परत येऊन साडेतीन महिने झाले होते. तक्रारी अशा: झोप लागत नाही, लागली तर पहाटे तीनला जाग येते, छातीत धडधडतं, भूक मेली आहे, घरातल्यांवर चिडचिड होते आणि काही कारण नसताना रडू येतं. (तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

आईचा प्रश्न चुकीचा नव्हता. तिथे ठणठणीत असलेली मुलगी इथे येऊन का ढासळली? या प्रश्नाचं उत्तर द्यायचं म्हणून हा लेख. आणि मला यात एक मतही मांडायचं आहे. दीर्घकाळ परदेशी स्वयंसेवा करणाऱ्या माणसाच्या मनाचा सगळ्यात अवघड काळ अनेकदा तिकडचा नसतो, तो घरी परतल्यानंतरचा असतो. आणि तो अवघड करण्यात आपला, म्हणजे घरच्यांचा आणि कौतुक करणाऱ्यांचा, बराच हात असतो.

हल्ली आपल्याकडचे अनेक तरुण अशा कामाला जातात. कुणी संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेतून जातं, कुणी 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'सारख्या संस्थेतून. निवृत्त शिक्षक, इंजिनीअरही जातात. जाण्याआधी लोक माझ्याकडे येतात ते लसी आणि मलेरियाच्या गोळ्या विचारायला. मनाबद्दल विचारायला आजवर एकही जण आलेला नाही. आणि खरं सांगायचं तर मीही अनेक वर्षं आपणहून सांगितलं नाही.

मनाचा आलेख

परक्या देशात राहणाऱ्या माणसाच्या मनाचा अभ्यास बराच जुना आहे. १९५५ साली स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत राहून परतलेल्या सुमारे दोनशे नॉर्वेजियन लोकांच्या मुलाखतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याला असं दिसलं की सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेले लोक बऱ्यापैकी खुशीत होते, दीड वर्षापेक्षा जास्त राहिलेलेही खुशीत होते, पण सहा ते अठरा महिने राहिलेल्यांचं गणित कुठेतरी बिघडलेलं होतं. म्हणजे सुरुवातीला मन वर, मग खाली, मग पुन्हा वर. इंग्रजी 'यू' अक्षरासारखा आलेख. पुढे १९६३ मध्ये गुलाहॉर्न या संशोधक दांपत्याने त्यात भर घातली. माणूस मायदेशी परतल्यावर हाच खेळ पुन्हा एकदा होतो, असं त्यांनी मांडलं. एकाला एक जोडून दोन 'यू', म्हणजे 'डब्ल्यू'.

हा आलेख प्रत्येकाला तंतोतंत लागू पडत नाही, हे लगेच सांगते. नंतरच्या अभ्यासांत असंही दिसलं की कित्येकांना सुरुवातीची मौज वगैरे लाभतच नाही, पहिला आठवडाच सगळ्यात जड जातो. त्यामुळे कॅलेंडर घेऊन 'आता माझा सातवा महिना, आता मी उदास होणार' असं करू नका. पण एक गोष्ट मला यात फार मोलाची वाटते. मन खाली जाणं हा या प्रवासाचा भाग आहे, तो त्या माणसाचा दोष नाही. आणि दुसरी घसरण घरी आल्यावर असते हे आधीच माहीत असलं, तर निदान 'मला वेड लागतंय की काय' ही भीती तरी वाटत नाही.

माझ्या पेशंटचं पहिलं वर्ष बरंचसं पुस्तकात लिहिल्यासारखंच गेलं. पहिले दीड महिने सगळं छान. लाल माती, हसतमुख माणसं, प्रत्येक भेटीला थांबून 'मुली ब्वान्जी?' म्हणजे 'कसे आहात?' असं विचारणं. मग कामाला सुरुवात झाली आणि तिसऱ्या महिन्यात तिला हसतमुख माणसांचाच राग यायला लागला! हसतात काय, सलाईन संपलंय! चिचेवा भाषा येत नव्हती. रुग्णालयाचा कारभार इंग्रजीत चालतो, पण बाळाची आई इंग्रजी बोलत नाही. रोज न्सीमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि सोबत पालेभाजी. आमांश झाला, चार किलो वजन उतरलं. रस्त्यावरची मुलं 'म्वेन्ये! म्वेन्ये!' म्हणून ओरडायची. म्वेन्ये म्हणजे भारतीय माणूस. त्यात शिवी काही नाही, पण दिवसातून तीस वेळा कुणी तुम्हाला तुमच्या देशावरून हाक मारली तर तिसाव्या वेळी डोळ्यांत पाणी येतं.

आणि घरचा रोजचा व्हिडिओ कॉल. मलावी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. तिची ड्युटी संपून ती जेवून मोकळी व्हायची तेव्हा आठ वाजलेले असायचे, म्हणजे नाशिकला रात्रीचे साडेअकरा. आई जागी राहायची, पेंगायची आणि मुलीचा उतरलेला चेहरा बघून रडायची. मग मुलीने चेहरा सावरायला शिकून घेतलं. "साधा ताप सांगितला नाही कधी" याचं कारण हे होतं. तिला दोनदा मलेरिया होऊन गेला होता. आईला हे कळलं माझ्यासमोर, त्या खुर्चीत बसून.

विक्रोळीतल्या एका आजीबाई

इथे मला एका उलट्या दिशेच्या प्रवासाची आठवण होते. तिकडून इकडे आलेल्या एका स्वयंसेविकेची. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर. पेशाने नर्स, जन्म १५ ऑगस्ट १८९८. अमेरिकी सरकारच्या 'पीस कोअर' या स्वयंसेवक योजनेतून त्या १९६६ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, मुंबईत विक्रोळीला येऊन राहिल्या. मुलगा राष्ट्राध्यक्ष व्हायला तेव्हा दहा वर्षं अवकाश होता, त्यामुळे त्यांच्याभोवती कसलाही बडेजाव नव्हता. त्यांनी घरी लिहिलेली पत्रं पुढे १९७७ मध्ये पुस्तकरूपाने आली. घरची ओढ, थकवा, समोरची गरिबी सहन न होणं आणि मग हळूहळू इथल्या माणसांत गुंतत जाणं, असा सगळा चढउतार त्यात आहे.

मला त्यातली एक गोष्ट डॉक्टर म्हणून महत्त्वाची वाटते. त्यांना सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचं काम दिलं होतं. ते काम त्यांच्या मनाला पटत नव्हतं. पुढे त्या दवाखान्यात रुग्णसेवेला लागल्या आणि सूर जुळला. माणूस तोच, विक्रोळी तीच, उन्हाळाही तोच. बदललं ते काम. स्वयंसेवकाचं मन खचलं की आपण लगेच त्याच्या 'सहनशक्ती'बद्दल बोलतो. अनेकदा प्रश्न एवढाच असतो की त्याच्या हाताला त्याचं काम मिळालेलं नसतं. संस्थेला आपली तक्रार सांगून काम बदलून मागणं हा पळपुटेपणा नाही. मी तर म्हणेन, पहिल्या सहा महिन्यांतल्या निम्म्या उदासीवर हेच औषध असावं. अर्थात हा माझा अंदाज, कुणी मोजलेला आकडा नव्हे.

दुसरं वर्ष आणि एक रात्र

दुसऱ्या वर्षी तिचा जम बसला. कामापुरती चिचेवा यायला लागली. वॉर्डातल्या आज्यांना, म्हणजे 'अगोगों'ना, ती नावाने ओळखू लागली. तिथे रुग्णाची शुश्रूषा, त्याचं खाणंपिणं बरंचसं नातेवाईकच करतात, त्यामुळे आज्या महिनोन्महिने रुग्णालयाच्या आवारातच असतात. तिच्या बोलण्यात या काळाबद्दल खरा आनंद होता. "मॅडम, आयुष्यात इतकी उपयोगी मी कधीच नव्हते," असं ती म्हणाली आणि पहिल्यांदाच कॅलेंडरवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं.

हा आनंद नीट समजून घ्यायला हवा, कारण नंतरची घसरण त्याच्यातूनच येते. पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात ती साठ नर्सपैकी एक होती. तिथे रात्रपाळीला कधी कधी चाळीस मुलांमागे दोघी, आणि त्यातली एक ती. तिच्या असण्या-नसण्याने फरक पडत होता. इतकं गरजेचं असणं याची सवय लागते. मी त्याला नशा म्हणणार नाही, पण सुटल्यावर त्रास होतो हे खरं.

मलावीत पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. त्या दिवसांत डास वाढतात आणि मुलांचे वॉर्ड मलेरियाने भरून जातात. फाल्सिपॅरम जातीच्या मलेरियात लहान मुलांचं रक्त झपाट्याने कमी होतं. हिमोग्लोबिन तीन-चारवर आलेलं मूल धापा टाकत येतं. त्याला रक्त आणि ऑक्सिजन दोन्ही तातडीने लागतं. एका खाटेवर दोन-दोन मुलं. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हे यंत्र आपल्याला कोविडमध्ये घरोघरी माहीत झालं. ते विजेवर चालतं. दुसऱ्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली, जनरेटर सुरू झाला नाही. वॉर्डात भरलेला सिलिंडर एकच होता आणि तातडीने ऑक्सिजन लागणारी मुलं दोन.

तिने एकाला लावला. दुसरं मूल पहाटे गेलं.

कुणी तिला दोष दिला नाही. सकाळी त्या मुलाची आजी आली, दोन्ही हातांत तिचा हात धरला आणि 'झिकोमो' म्हणाली. झिकोमो म्हणजे आभार. ती मला म्हणाली, "त्या बाईने मला मारलं असतं तर बरं झालं असतं."

त्या रात्रीनंतरही ती आणखी पाच महिने तिथे होती. नीट काम केलं, नीट जेवली, झोपली. संस्थेच्या निरोपसमारंभात नाचलीसुद्धा. मग घरी आली. महिनाभराने एका संध्याकाळी नाशिकच्या घरात वीज गेली. पंखा थांबला आणि दोन सेकंदांत इन्व्हर्टर लागून पुन्हा सुरू झाला. घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. ही मात्र स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून खाली बसली आणि तासभर रडत राहिली. आजार सुरू झाला तो त्या दिवशी, असं घरच्यांचं म्हणणं.

मन असं उशिरा का बिल देतं? धोक्याच्या जागी असताना शरीर सतत सावध असतं. रोज पुढचं मूल समोर असतं. विचार करायला ना वेळ, ना परवानगी. शिवाय भोवती सगळे त्याच परिस्थितीतले, त्यामुळे आपलं दुःख वेगळं आहे असं वाटत नाही. घरी आल्यावर सावधपणाचं कारण संपतं, पण सावधपणा संपत नाही. तो रात्री तीन वाजता उठवतो. आणि जे तिथे 'परिस्थिती' होतं, ते इथे इन्व्हर्टरच्या उजेडात 'माझा निर्णय' वाटायला लागतं. दोन वाईट पर्यायांतून एक निवडावा लागल्याची ही जखम केवळ भीतीची नसते, अपराधी वाटण्याची असते. मानसोपचारात तिला 'नैतिक जखम' अशा अर्थाचं वेगळं नावही आहे. सैनिकांमध्ये ती आधी ओळखली गेली. कोविडच्या काळात आपल्या डॉक्टर-नर्सनाही ती झाली, आणि आपण तेव्हा थाळ्या वाजवल्या.

परत येणाऱ्यांची गोष्ट नसते

आता माझं मत. आपल्या मराठी मनात सेवेचं जे चित्र आहे, त्यात परत येणं बसतच नाही. बाबा आमट्यांचं आनंदवन आठवा, किंवा १९७३ पासूनचा हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प. ही माणसं गेली ती तिथलीच झाली. त्यांच्याबद्दलचा माझा आदर तसूभरही कमी नाही. पण दोन वर्षांचा करार संपवून घरी आलेल्या नर्सने स्वतःला त्या मापाने मोजलं तर ती कायम अर्धवटच ठरणार.

परदेशी सेवेचं आपलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. कोटणीस तिथेच राहिले, तिथल्या नर्सशी लग्न केलं, मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी अपस्माराच्या झटक्यांनी गेले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्याच्या नावाचा अर्थच 'आणि एक परत आला नाही' असा आहे. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला. सगळं योग्यच झालं. पण त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. ते गेले, काम केलं आणि परत आले. त्यांचं नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलं आहे? मीही हे खूप उशिरा वाचलं. जो परत आला नाही त्याच्यावर सिनेमा निघतो. परतलेल्या चौघांना घरी आल्यावर झोप लागत होती का, हे मात्र बहुधा कुणी विचारलं नसेल.

माझ्या पेशंटला तरी कुणी विचारलं नव्हतं. आल्यावर तिच्या शाळेने सत्कार केला. शाल, श्रीफळ, चार शब्द बोल म्हणाले. ती तिथल्या मुलांच्या हसण्याबद्दल बोलली, टाळ्या पडल्या. घरी पाहुणे यायचे, मोबाईलवर फोटो बघायचे, तिसऱ्या फोटोनंतर 'बापरे, किती गरिबी!' म्हणायचे आणि मग, 'बरं, आता पुढे काय? लग्नाचं बघताय की नाही?' ज्या बाईला सगळे 'धन्य आहेस' म्हणतात, तिने 'मला तिथे कधी कधी कंटाळा यायचा', 'मी एका आईवर ओरडले होते', 'माझ्या हातून एक मूल गेलं' हे सांगायचं कुणाला? कौतुकाने तोंड बंद होतं. लोक शिव्या देतात तेव्हा माणूस निदान भांडू तरी शकतो.

आणि एक बोच वेगळीच. तिच्या बरोबरीने त्या रात्री ड्युटीवर असलेली मलावीची सिस्टर अजून तिथेच आहे. तिला करार संपवून घरी जाता येत नाही, कारण तेच तिचं घर. "मी विमानात बसून आले, ती तिथेच राहिली," हे वाक्य माझी पेशंट तीन भेटींत तीनदा बोलली. यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी स्वतः बाँडच्या वर्षात एका आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दिवस मोजले होते आणि सुटल्यावर मागे वळून पाहिलं नव्हतं. त्यामुळे मी फक्त ऐकलं.

आधी शरीर तपासा

उदासी दिसली की ती मनाचीच असं धरून चालू नका. परदेशातून, विशेषतः उष्ण प्रदेशातून आलेल्या माणसाच्या बाबतीत तर नाहीच. मी तिच्या हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२, साखर या तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन कमी निघालं, बाकी ठीक. मलेरियाच्या देशातून परतल्यावर पुढचं वर्षभर कोणताही ताप आला तर डॉक्टरांना 'मी अमुक देशात होतो' हे पहिल्या वाक्यात सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासा. मलावी सरोवरात किंवा तिथल्या गोड्या पाण्यात पोहला असाल तर बिल्हार्झिया या कृमींच्या आजाराची तपासणीही लागते.

आणखी एक प्रश्न मी नेहमी विचारते: मलेरिया टाळायला कोणती गोळी घेत होतात? मेफ्लोक्विन नावाची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी अनेक स्वयंसेवकांना दिली जात असे. तिने काहींना चिंता, भयानक स्वप्नं, नैराश्य, चक्कर असे त्रास होतात. क्वचित गोळी थांबवल्यावरही ते राहतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये या गोळीवर त्यांच्याकडचा सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. ज्यांना पूर्वी नैराश्य किंवा दुसरा मानसिक आजार झाला आहे त्यांनी ती घेऊ नये. डॉक्सिसायक्लिनसारखे पर्याय आहेत. माझी पेशंट डॉक्सिसायक्लिनच घेत होती, पण दुसऱ्या वर्षी तिने ती मध्येच सोडली होती. सगळेच सोडतात.

'बोलून मोकळी हो' म्हणावं का?

आईने हेच केलं. माझ्यासमोर सगळं कळल्यावर ती लेकीला रोज संध्याकाळी घेऊन बसायला लागली, "सांग, सगळं सांग, मन मोकळं कर." हेतू मायेचा, पण परिणाम उलटा झाला. मुलगी खोलीचं दार लावून घ्यायला लागली.

यावर संशोधन झालेलं आहे. भयंकर प्रसंगानंतर माणसाला एकदा बसवून सगळं बोलायला लावायचं, अशी पद्धत बरीच वर्षं अनेक संस्था वापरत होत्या. त्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतल्यावर दिसलं की अशा एका सक्तीच्या बैठकीने पुढचा मानसिक आजार टळत नाही, उलट काहींना त्रास वाढू शकतो. म्हणून खोदून विचारू नका. सोबत भाजी निवडा, चालायला जा, गप्प बसा. ती बोलली तर ऐका आणि 'अगं, तू तर किती चांगलं केलंस' म्हणून तिचं वाक्य मध्येच संपवू नका. मोठ्या सुट्टीनंतर असते तशी अपेक्षाही ठेवू नका. परतल्यावर पहिले दोन-तीन महिने नोकरी, लग्न, सत्कार, व्याख्यान यातलं शक्य तेवढं पुढे ढकलता आलं तर ढकला. जो अजून तिकडेच आहे त्याच्या घरच्यांसाठी एवढंच, की रोजच्या रडव्या व्हिडिओ कॉलपेक्षा ठरलेल्या वारी केलेला एक निवांत फोन मला बरा वाटतो. आणि त्या फोनवर 'आम्हाला वाईट बातमी चालेल' हे स्पष्ट शब्दांत सांगा. मुलांना ते आपोआप कळत नाही.

साधी घसरण कोणती आणि आजार कोणता, हे घरच्यांना ओळखता यायला हवं. परतल्यावर काही आठवडे हरवल्यासारखं वाटणं, मॉलमध्ये जाऊन चिडणं, अन्न वाया गेलेलं बघून भांडणं, तिकडच्या आठवणीने रडणं हे होतंच आणि बहुतेकांचं काही महिन्यांत निवळतं. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज उदास वाटत असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक गेली असेल, तर ते नैराश्य असू शकतं. एखादा प्रसंग आपणहून पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतो, त्याची आठवण करून देणाऱ्या गोष्टी माणूस टाळायला लागतो, आवाजाने दचकतो आणि हे महिन्याच्या वर चालतं, तर त्या आघाताचा आजार झालेला असू शकतो. दारू वाढणं हीसुद्धा खूण आहे, पुरुषांमध्ये विशेषतः. आणि मरणाचे विचार येत असतील तर थांबायचंच नाही. सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. या आजारांवर चांगले उपचार आहेत. ठरावीक पद्धतीचं समुपदेशन आणि गरजेप्रमाणे औषधं, दोन्हींचा उपयोग होतो.

माझ्या पेशंटला मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. "मला वेडी ठरवताय का?" असं तिने विचारलं नाही, आईने विचारलं. आता चार महिने झाले. गोळी चालू आहे, दर आठवड्याला समुपदेशन असतं, लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन वर आलं. पहाटे तीनची जाग आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी उरली आहे. वीज गेली की अजून छातीत धस्स होतं. नोकरी तिने अजून धरलेली नाही आणि मी घाई करायला सांगितलेली नाही.

मागच्या भेटीत तिने सांगितलं की मलावीच्या त्या सिस्टरला तिने त्या रात्रीबद्दल पहिल्यांदाच व्हॉइस मेसेज पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं. ती रात्र सिस्टरलाही आठवत होती. मुलाचं नावसुद्धा.

आई बाहेर बाकावर बसली होती. या वेळी ती आत आली नाही.